दृष्टिहीनाचा संगणक आणि प्रमाणांचा प्रश्न

दृष्टिहीन व्यक्तीच्या संगणकाला पडदा नसला तरी चालतो. संगणकात काय चालले आहे हे स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम बोलून सांगतो किंवा ब्रेल पट्टीवर टिंबांच्या रूपात उमटवतो, आणि आज्ञा सगळ्या कीबोर्डवरून दिल्या जातात. या साध्या व्यवस्थेतून ज्ञानशास्त्राचा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, न्यायदर्शन मानते. दृष्टिहीनाला संगणकावरच्या गोष्टींचे जे ज्ञान होते, ते यांपैकी कोणत्या प्रमाणाने? डोळस माणूस पडदा पाहतो म्हणून त्याचे ज्ञान प्रत्यक्ष, आणि दृष्टिहीनाला यंत्र सांगते म्हणून त्याचे ज्ञान ऐकीव, अशी विभागणी सहज केली जाते. संगणक शिकवणारेही ती नकळत गृहीत धरतात. ती कितपत टिकते हे ठरवायचे तर आधी हे शिक्षण कसे होते ते पाहिले पाहिजे.

सुरुवात बोटांपासून होते. कीबोर्डवरील एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवल्या की बाकीच्या कळांच्या जागा ठरतात. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि १ एकत्र दाबले की कीबोर्ड केवळ ओळखीसाठी मोकळा होतो. मग कोणतीही कळ दाबावी, तिचे नाव ऐकू येते आणि दुसरे काही घडत नाही. त्यानंतर टॅबने एका घटकावरून दुसऱ्यावर जाणे, अल्ट-टॅबने विंडो बदलणे, बाणांनी मजकूर अक्षराअक्षराने, शब्दाशब्दाने, ओळीओळीने ऐकणे, कंट्रोल दाबून आवाज थांबवणे हे अंगवळणी पडते. वेबपेजवर एच दाबले की पुढचे शीर्षक येते, के दाबले की पुढची लिंक, टी दाबले की पुढचा तक्ता. मात्र लिहायच्या चौकटीत शिरल्यावर तीच एच कळ साधे अक्षर उमटवते. हा बदल झाल्याची एक बारीक खूण आवाजाने मिळते आणि ती ओळखायला नवशिक्याला बरेच दिवस लागतात. माउस या अभ्यासक्रमात जवळजवळ नसतोच. सराव वाढला की आवाजाचा वेगही वाढवला जातो, इतका की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला त्यातला एक शब्द उमगत नाही.

अशा प्रोग्रामांचा इतिहास फार लांब नाही. आयबीएमचा स्क्रीन रीडर १९८६ मध्ये आला. १९८९ मध्ये जॉज आला. तो उभा करणारे टेड हेंटर स्वतः अंध होते. जॉज विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत भारतातल्या सामान्य घराला परवडणारी नव्हती. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतला, जेम्स टेह हे दुसरे अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाले, आणि तो दोघांनी सर्वांसाठी मोफत ठेवला. संगणक पैशाअभावी ज्यांच्यापर्यंत पोहोचला नसता अशा असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत तो त्यामुळे पोहोचला. हे ऋण फार मोठे आहे.

त्याआधी दृष्टिहीन विद्यार्थ्याचे शिक्षण दोन माणसांवर उभे असे: पुस्तक वाचून दाखवणारा वाचक आणि परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक. केवळ ऐकून विद्वत्ता मिळवता येते याचे मराठीतले मोठे उदाहरण गुलाबराव महाराजांचे आहे. १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या महाराजांची दृष्टी अगदी तान्हेपणी गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि इतरांना सांगून लिहवून घेत त्यांनी अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. तरीही कोणता ग्रंथ कधी ऐकायचा आणि कुठे थांबायचे हे वाचणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. एखादी ओळ दहा वेळा ऐकावीशी वाटली तर दुसऱ्याच्या धीराची परीक्षा होते. स्वाध्यायाला एकांत लागतो. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिपीने तो प्रथम मिळवून दिला. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारली गेली. पण ब्रेलमध्ये एका पुस्तकाचे अनेक जाडजूड खंड होतात आणि अशी पुस्तके नेहमी थोडीच राहिली. संगणकाने त्यात टंकलेला बहुतेक मजकूर, कोणाला न विचारता, हव्या त्या वेळी, हवा तितक्या वेळा वाचण्याची सोय केली. स्वतःचे पत्र स्वतः लिहिणे आणि स्वतःला आलेले पत्र दुसऱ्याच्या तोंडून न ऐकणे हे डोळस माणसाला सुख वाटतही नाही, इतके ते त्याला सहज मिळालेले असते.

आता मूळ प्रश्न. पडद्यावर मजकूर असतो तेव्हा डोळस वाचकाला प्रत्यक्ष दिसते ते काय? रेषांचे आकार. आकारांवरून वर्ण आठवतात, वर्णांतून शब्द उभे राहतात आणि शब्दांतून अर्थ. खात्यात पाच हजार रुपये जमा झाल्याचे वाचणाऱ्याला ते रुपये दिसलेले नसतात. न्यायाच्या परिभाषेत त्याला होतो तो शाब्दबोध. ऐकणाऱ्यालाही तोच होतो. त्याच्या बाबतीत वर्ण थेट कानावर पडतात, आकारावरून आठवावे लागत नाहीत, एवढाच फरक. म्हणजे निव्वळ मजकुरापुरते पाहिले तर दोघांचे प्रमाण एकच ठरते, आणि ऐकणाऱ्याची वाट एका पायरीने जवळचीच पडते.

त्याहून मूलगामी गोष्ट अशी की संगणकात मजकूर आकारांच्या रूपात नसतोच. तो क्रमांकांच्या रूपात असतो. युनिकोडमध्ये क या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. या क्रमांकावरून पडद्यावर आकृती काढणे हे एक रूपांतर आणि त्यावरून ध्वनी काढणे हे दुसरे. पहिले मूळ आणि दुसरे त्याचे वर्णन, असे या दोहोंत काही नाही. देवनागरीत हे फार स्पष्ट होते. ‘कि’ लिहिताना वेलांटी क-च्या डावीकडे दिसते, पण संगणकात आधी क साठवला जातो आणि मग ऱ्हस्व इकार. बॅकस्पेस दाबला की आधी वेलांटीच पुसली जाते. ‘अर्क’ या शब्दात रफार क-च्या डोक्यावर दिसतो, पण साठवणीत र आणि हलन्त क-च्या आधी येतात. साठवणीचा हा क्रम उच्चाराचा क्रम आहे. अक्षराक्षराने ऐकत जाणाऱ्या दृष्टिहीनाला मजकुराची घडण जशी आहे तशी कळते. डोळस माणसाला तिच्यावर चढवलेली लेखनपरंपरेची आकृती दिसते. भारतीय लिपींसाठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी मांडणी असून टंकलेखन उच्चाराच्या क्रमाने होते. त्यामुळे ती शिकताना दृष्टिहीन विद्यार्थ्याला डोळ्यांची सवय मोडावी लागत नाही.

युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये तर डोळ्यांची उघड फसगत होते. तिथे पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात आणि त्यांच्यावर मराठी आकारांचे आवरण घातलेले असते. स्क्रीन रीडर ते वाचायला गेला की अर्थहीन अक्षरांची माळ ऐकू येते. शिंपल्यावर रुपे भासण्याचा वेदान्तातला दृष्टान्त इथे नेमका लागू पडतो, आणि रुपे भासते ते डोळस वाचकाला. अशा फॉन्टमधली कागदपत्रे कार्यालयांत वर्षानुवर्षे तयार होत राहिली आणि पाहणाऱ्या कोणालाही त्यांत दोष दिसला नाही.

यावर एक आक्षेप भक्कम आहे. डोळा पुष्कळ गोष्टी एकदम पाहतो, कानाला त्या एकामागून एक मिळतात. पान उघडताक्षणी त्याचा आराखडा डोळस माणसाच्या लक्षात येतो. ऐकणाऱ्याला तो तुकड्यातुकड्याने जुळवावा लागतो. मग त्याला समग्राचे ज्ञान होते असे म्हणता येईल का? वाणीच्या संदर्भात भारतीय विचारवंतांनी हा प्रश्न शतकानुशतके घोळवला आहे. शब्दातले वर्ण क्रमाने उच्चारले जातात आणि उच्चारताच नाहीसे होतात. मग सगळा शब्द एक म्हणून कळतो कसा? पाचव्या शतकाच्या सुमाराचे भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त सांगतात की अर्थ वाहणारा स्फोट स्वतः अखंड आणि क्रमरहित असतो, क्रम असतो तो त्याला प्रकट करणाऱ्या ध्वनीत. मीमांसकांना स्फोट मान्य नाही. आधीच्या वर्णांचे संस्कार आणि शेवटचा वर्ण मिळून अर्थ कळतो असे ते म्हणतात. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: क्रमाने मिळालेल्यातून समग्र उभे राहू शकते, आणि संस्काराची साथ त्याला लागते. स्क्रीन रीडरवर शिकणाऱ्याचा बहुतेक अभ्यास या संस्कारांचाच असतो. एखाद्या संकेतस्थळावर किती शीर्षके आहेत, हवा असलेला तक्ता कितव्या शीर्षकाखाली येतो, अर्जातल्या चौकटी कोणत्या क्रमाने येतात, हे त्याच्या स्मरणात पक्के बसते, आणि मग पान त्याच्यासाठी तुकड्यांचे राहत नाही.

शिवाय डोळ्याचे एकदम पाहणेही वाटते तितके एकदम नसते. न्यायमतानुसार मन अणुपरिमाण असून एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, म्हणून दोन ज्ञाने एकाच क्षणी उपजत नाहीत. संगणकाच्या रचनेत या मताला एक विलक्षण प्रतिरूप सापडते. पडद्यावर शंभर गोष्टी दिसत असल्या तरी कीबोर्डचे ऐकणारा घटक एका वेळी एकच असतो. त्याला फोकस म्हणतात. डोळस माणूस वर्षानुवर्षे संगणक वापरूनही बहुधा फोकसची दखल घेत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याला तो पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावा लागतो. यंत्र या क्षणी कुठे लक्ष देऊन आहे हे त्याला नेमके ठाऊक असते.

आंधळे आणि हत्ती यांची ‘उदान’ या बौद्ध ग्रंथातली कथा अज्ञानाचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितली जाते. त्यातला दोष अंधत्वाचा मानणे अन्यायाचे आहे. ते लोक चुकले, कारण प्रत्येकाने एकदाच हात लावला आणि तिथेच थांबून भांडायला सुरुवात केली. स्क्रीन रीडर शिकणाऱ्याला पहिली शिस्त याच्या उलट लावली जाते: नवे पान उघडले की आधी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरून पाहायचे, मगच काही ठरवायचे.

तरीही काही गोष्टी सुटतातच आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही. रूप, म्हणजे रंग, फक्त चक्षूला कळतो. संख्या, परिमाण, संयोग हे गुण चक्षू आणि त्वचा या दोन्ही इंद्रियांना कळतात, असे वैशेषिक सांगतात. त्यांचा हा भेद इथे कामाचा आहे. संगणकावर लाल रंग स्वतःसाठी क्वचितच येतो. तो चूक झाल्याचे सांगायला येतो. आलेखातली चढती रेषा वाढ सांगायला येते. चूक आणि वाढ हे काही रूपाचे गुण नव्हेत, त्यामुळे ते दुसऱ्या मार्गाने सांगता येतात. एखादी माहिती केवळ रंगाने सांगू नये, हा नियम वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत १९९९ पासून आहे. चित्रकाराच्या चित्रातला रंग मात्र खरोखरच रूप म्हणून येतो. तो कोणत्याही यंत्राने कानात उतरत नाही.

एकच वस्तू दोन इंद्रियांनी कळते याचा अर्थ काय, हा प्रश्न न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच आला आहे. जे पाहिले तेच मी स्पर्शतो आहे असा अनुभव येतो. तेव्हा जाणणारा डोळ्याहून आणि त्वचेहून वेगळा असला पाहिजे, असा तिथला युक्तिवाद आहे. हाच धागा युरोपात वेगळ्या बाजूने हाती घेतला गेला. विल्यम मोलिन्यू या आयर्लंडच्या विचारवंताने इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारले: जन्मांधाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात, त्याला एकाएकी दृष्टी आली तर तो केवळ पाहून ते ओळखेल का? लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत हा प्रश्न घेतला आणि नाही असे उत्तर दिले. पवन सिन्हा यांच्या प्रकल्प प्रकाशात भारतातील जन्मतः अंध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर याची चाचणी घेतली गेली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताने ओळखलेली वस्तू मुलांना लगेच नजरेने ओळखता आली नाही; काही दिवसांतच मात्र येऊ लागली. म्हणजे इंद्रियांची एकवाक्यता जन्मजात तयार मिळत नाही, पण शिकण्याची पात्रता आतच असते. नैयायिकांचा ज्ञाता या निष्कर्षाने खोटा ठरत नाही. त्याला अभ्यास लागतो एवढेच ठरते.

यातून शिकवण्याच्या पद्धतीवर थेट परिणाम होतो. ‘वर उजव्या कोपऱ्यातले निळे बटण’ असे दृष्टिहीनाला सांगणे म्हणजे त्याच्याकडे नसलेल्या इंद्रियाच्या भाषेत बोलणे. त्याच्या लेखी ते बटण तारखेच्या चौकटीनंतर टॅबने येणारे ‘पाठवा’ बटण असते. हा विचार सर्वांत पुढे नेला तो पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांनी. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. तिथे १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या प्रबंधासाठी त्यांनी गणिती मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली रचली. तिच्यात समीकरणाची रचना आवाजाच्या चढउतारातून व्यक्त होते. पुढच्या वर्षी त्यांनी इमॅक्सस्पीक ही संगणक बोलता करणारी प्रणाली प्रसिद्ध केली. त्यांचे म्हणणे असे की पडद्यावर काय आहे ते बोलू नये, माहितीत काय आहे ते बोलावे. दिनदर्शिका पडद्यावर आकड्यांच्या ओळींनी बनते. ती तशीच वाचली तर आकड्यांची निरर्थक रांग ऐकू येते, कारण त्या ओळी आणि स्तंभ डोळ्यांच्या सोयीसाठी आहेत. कानाला हवे असते ते आज कोणता वार आणि कोणती तारीख. दिनदर्शिका म्हणजे तो चौकोनी तक्ता नव्हे, हे डोळस जगाला इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी दाखवले असेल.

आतापर्यंतचा विचार मजकूर आणि रचना यांच्यापुरता होता. चित्र आले की प्रमाण बदलते. वेबपेजवरच्या चित्राला त्याचे वर्णन शब्दांत जोडण्याची सोय असते आणि स्क्रीन रीडर ते वर्णन वाचतो. इथे मात्र दृष्टिहीनाचे ज्ञान खऱ्या अर्थाने शब्दप्रमाणाने होते. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. आप्त कोण हे वात्स्यायनांनी न्यायभाष्यात ठरवले आहे: ज्याने गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो. ऋषी, आर्य, म्लेच्छ यांना ही एकच व्याख्या लागू आहे, असेही ते स्पष्ट करतात. या व्याख्येने पाहता वेबपेज तयार करणारा प्रत्येक जण वक्ता आहे. चित्रासाठी त्याने काहीच लिहिले नाही तर तो मौन पाळतो. बटणाला नाव दिले नाही तर ऐकणाऱ्याला नुसते ‘बटण’ ऐकू येते आणि ते पैसे पाठवण्याचे की रद्द करण्याचे हे कळायला मार्ग उरत नाही. स्क्रीन रीडर इथे इंद्रियासारखे साधन आहे, वक्ता नाही. दोष साधनाचा नसून वक्त्याचा आहे, आणि म्हणून हा प्रश्न तंत्राबरोबरच सत्य बोलण्याच्या कर्तव्याचाही आहे.

त्याहून गंभीर प्रसंग कॅप्चाचा. यंत्र आणि माणूस यांतला फरक ओळखण्यासाठी वाकडीतिकडी अक्षरे दाखवून ती वाचायला सांगितली जातात. याचा फलितार्थ असा की दिसते त्यालाच माणूस म्हणून दाखला मिळतो. काही ठिकाणी ध्वनीचा पर्याय असतो; पण ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशी ब्रेल पट्टीवर वाचणारी व्यक्ती दोन्ही परीक्षांत माणूस ठरत नाही. बँक किंवा सिम कार्डासाठी ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगितले जाते, तेव्हाही हेच घडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगे असावे अशी तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओळख पटवण्याच्या याच पद्धतींबाबत निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

मिळालेले ज्ञान खरे आहे हे कसे ठरवायचे यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद प्रसिद्ध आहे. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुरावा आला तरच ते सोडावे, असे मीमांसक म्हणतात. प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्या ज्ञानावरून केलेली कृती सफल झाली की ठरते, असे नैयायिक म्हणतात. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याला दोन्ही लागतात. प्रत्येक वाक्य पडताळत बसले तर दिवसभरात एक पत्रही लिहून होणार नाही. म्हणून सामान्यतः तो ऐकलेले खरे धरतो. फाइल सेव्ह झाली, अर्ज दाखल झाला, पैसे गेले अशा ठिकाणी मात्र तो फाइल पुन्हा उघडतो, पावती शोधतो, खात्यातली शिल्लक ऐकतो.

चित्रांचे वर्णन यंत्राने करण्याच्या अलीकडच्या सोयीने या वादाला नवा विषय दिला आहे. डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये सुरू झालेल्या बी माय आइज या सेवेत आधी डोळस स्वयंसेवक फोनच्या कॅमेऱ्यातून पाहून सांगत. २०२३ पासून तिथे कृत्रिम बुद्धिमत्ताही वर्णन करते. औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, छायाचित्रात काय आहे हे क्षणात कळते, आणि मध्यरात्रीही कोणाला त्रास द्यावा लागत नाही. पण हे यंत्र आप्त आहे का? वात्स्यायनांच्या अटींनुसार नाही म्हणावे लागते. त्याने वस्तू साक्षात जाणली असे म्हणता येत नाही आणि सांगण्याची इच्छा त्याच्या ठायी मानायला आधार नाही. असंख्य चित्रे आणि त्यांची वर्णने यांच्यातल्या साहचर्यावरून ते नव्या चित्राविषयी निष्कर्ष काढते. न्यायाच्या चौकटीत हे अनुमानाला सर्वांत जवळचे आहे, आणि व्याप्तीत, म्हणजे त्या साहचर्याच्या नियमात, व्यभिचार (अपवाद) असेल तर अनुमान चुकते. माणूस खात्री नसली की अडखळतो आणि त्याच्या स्वरावरून ऐकणारा सावध होतो; यंत्र चुकीचे आणि बरोबर एकाच ठाम स्वरात सांगते. म्हणून अशा वर्णनाला शब्दाचे नव्हे तर अनुमानाचे नियम लावणे योग्य ठरते: औषधाचे नाव ऐकले तर बाटली दुसऱ्या कोनातून पुन्हा दाखवावी, नाव अक्षराक्षराने वाचायला सांगावे, आणि दोन उत्तरे जुळली नाहीत तर ते औषध माणसाला दाखवल्याशिवाय घेऊ नये. दृष्टिहीनांना संगणक शिकवताना ही हेत्वाभासाची, म्हणजे फसव्या हेतूची, पारख कीबोर्डच्या शॉर्टकटांइतकीच आवश्यक झाली आहे.